नाव काढून नेलेला बीकन

मित्रांनो, ढगांत डोके खुपसून बसलेल्या एका डोंगरावर, पत्र्याच्या छपराखाली उभा असलेला मी एक जुना बीकन आहे. बीकन म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. विमान ढगांत शिरले की वैमानिकालाही खिडकीतून तुमच्याइतकेच दिसते, म्हणजे काहीच नाही. तेव्हा त्याची सारी भिस्त समोरच्या एका सुईवर असते. मी इथे उभा राहून रेडिओच्या लहरी सोडतो आणि विमानातली ती सुई माझ्याकडे तोंड वळवते. सुई दाखवील तिकडे वैमानिक जातो. त्याने माझे तोंडही पाहिलेले नसते. तरी तो माझे ऐकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी एकटा नव्हतो. आम्ही जुळे होतो. एकाच बाकावर, एकाच कारागीर बाईच्या हातून आमच्या तारा जोडल्या गेल्या. तारांना कथिलाचा डाख देताना ती जिभेचे टोक दातांत धरायची. राखाडी रंगाची दोन उंच लोखंडी कपाटे, पोटात काचेचे दिवे आणि छातीवर आवाजाचा जोर दाखवणारा एकेक काटा, असे आमचे रूप होते. आम्हाला ट्रकमधून या डोंगरावर आणले आणि या खोलीत शेजारी शेजारी उभे केले. बाहेर एक उंच खांब रोवला. त्याच्या टोकावर विमानांना डोंगर कळावा म्हणून लाल दिवा लावला. डोंगराच्या पूर्वेला पायथ्याशी गावाचा विमानतळ होता. छोटासाच, पण गावाला त्याचा कोण अभिमान!

तुम्ही विचाराल, एका खोलीत दोन बीकन कशाला? कारण बीकनने मधेच मुके होऊन चालत नाही. आमच्यातला एक बोलत असताना दुसरा सज्ज उभा राहायचा. आमच्या मधोमध भिंतीवर एक पेटी होती. तिला सगळे ‘पहारेकरी’ म्हणत. बोलणाऱ्याचा आवाज हवेतून ऐकत राहायचे, एवढेच तिचे काम. आवाज थांबला, की ती ‘टक्’ असा आवाज करायची आणि दुसऱ्याला जागे करायची. दुसरा तत्काळ बोलू लागायचा. कितीतरी वादळांत तिने आम्हाला असे जागे केले. वरच्या विमानाला पत्ताही लागला नाही.

आता आमच्या बोलण्याविषयी सांगतो. नुसती सुई वळून भागत नाही. ती कोणाकडे वळली आहे, हेही वैमानिकाला कळावे लागते. म्हणून प्रत्येक बीकन आपले नाव सांगत असतो. आमच्या पोटात एक पितळी चकती फिरायची. तिच्या कडेला दाते कापलेले होते, काही लांब, काही आखूड. त्यांतून आमच्या गावाची तीन अक्षरे लांब-आखूड शिट्ट्यांच्या रूपाने आकाशात जायची. वैमानिक कानाला हेडफोन लावून ती ऐकायचा आणि मान डोलवायचा.

ही तीन अक्षरे म्हणजे विमानतळाचे जगभरचे टोपणनाव. तिकिटावर तीच, सामानाच्या चिठ्ठीवर तीच. पूर्वी म्हणे दोनच अक्षरांवर भागत असे. पुढे विमानतळ वाढले, दोन अक्षरे पुरेनात, तेव्हा तिसरे लावले गेले. काही गावांना आपल्या नावातले अक्षर मिळाले. आमच्या गावाला शेवटी एक ‘एक्स’ चिकटवला. नावात त्याचा मागमूसही नसताना. याशिवाय वैमानिक आणि टॉवरमधली माणसे कागदोपत्री आणखी एक चार अक्षरी नाव वापरतात. त्यातले पहिले अक्षर सांगते, जगाचा कोणता भाग. दुसरे बहुतेक वेळा सांगते, कोणता देश. आणि उरलेली अक्षरे सांगतात, नेमका कोणता विमानतळ. जगात तेच नाव दुसऱ्या कोणाला देत नाहीत. नावांचा गोंधळ आकाशात परवडत नाही, मित्रांनो.

आमची देखभाल करणारी तंत्रज्ञ बाई होती. तिला सारे ताई म्हणत. ती जीपमधून यायची, आधी पत्र्याच्या दाराला खांदा देऊन ते उघडायची आणि मग आम्हाला विचारायची, “काय जुळ्यांनो, भांडला नाहीत ना?” तिचा नवरा टॉवरमध्ये नियंत्रक होता. विमानांना उतरायला परवानगी देणारा तोच. खोलीतल्या टेलिफोनवर दोघे कामाचे बोलत, आणि कामाच्या आडून घरचेही.

एकदा तिच्या सासूबाई विमानाने आल्या आणि त्यांची बॅग भलत्याच खंडात गेली. सामानाच्या चिठ्ठीवर एक अक्षर चुकले होते. फोनवर ताई हसू दाबत म्हणाली, “अहो, पण आईंना तीन अक्षरं बघून घ्या म्हणून सांगितलं होतं ना मी?”

तिकडून नियंत्रक म्हणाला, “सांगून बघ तू! म्हणतात, मी बॅगेवर गावाचं नाव एवढं ठळक लिहिलं होतं, त्या तीन अक्षरांत कुठे गाव मावतं होय?”

“मग आता?”

“आता काय, तुझ्या साड्या नेसून बसल्यात. आणि त्यांनाही नावं ठेवतायत.”

ती खोली अशी हसत असे. सोसाट्याचा वारा पत्र्यावर आदळायचा, पण आम्हाला त्याचे काही वाटत नसे. बड्या साहेबांनी एकदा येऊन आमच्या पाठीवर थाप मारली होती. “हे दोघं आहेत म्हणून आपण निवांत झोपतो,” असे ते म्हणाले होते. कौतुकाने लोखंडालाही ऊब येते.

पण गाव वाढले. जुना विमानतळ घरांनी वेढला गेला. डोंगराच्या पश्चिमेला मोकळ्या माळावर नवा विमानतळ बांधायचे ठरले. आणि मग मला कळले, की विमानतळ हलतो तेव्हा त्याचे नावही हलते. तीन अक्षरे गावाची. जिथे नवी धावपट्टी, तिथे ती जाणार. एका ठरलेल्या दिवशी साऱ्या नकाशांवर एकदमच बदल होणार. जुन्या जागेला कोणी काही म्हणणार नाही.

त्या दिवशी खोलीत खूप माणसे आली. माझ्या जुळ्या भावाचे बोल्ट सोडवले आणि त्याला नव्या विमानतळावर, धावपट्टीच्या अलीकडे माळावर नेऊन उभे केले. त्याने आमचे नाव नेले आणि आम्ही ज्या लहरीवर बोलायचो तीही नेली, पण मीही अजून त्याच लहरीवर जुळवलेला होतो. ताईने माझे पोट उघडले, पितळी चकती काढली आणि फडक्यात गुंडाळली. “ही त्याला जास्तीची म्हणून राहू दे,” ती मला म्हणाली, जसे काही मी हरकत घेणार होतो.

मला मात्र बंद केले नाही. साहेब म्हणाले, “तिकडची वीज भरवशाची नाही अजून. त्याला काही झालं तर याला उचलून न्यायचं. बंद ठेवला तर आतले दिवे दमट होतील. सज्ज ठेवा.”

ताईलाही ते पटले. खांबावरच्या लाल दिव्याची वीज माझ्याच विजेच्या फळीवरून जात होती, तेव्हा खोलीची वीज तोडता येणार नव्हतीच. तिने माझा खटका ‘सज्ज’वर ठेवला. पहारेकऱ्याच्या तारा कापायच्या होत्या. कामगारांना वाटले, ताई कापतील. ताईला वाटले, कामगारांनी कापल्या. खाली ट्रकवाला भोंगा वाजवत होता. दार लोटले गेले आणि सगळे निघून गेले.

पहारेकरी भिंतीवर होता. त्याचा हिरवा ठिपका पेटलेला होता.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. टेलिफोन काढून नेला होता. पत्र्याच्या फटीतून धुके आत यायचे आणि माझ्या अंगावर ओल धरायची. खटक्याच्या मुळाशी गंज चढला. कोपऱ्यात एका पाखराने घरटे केले आणि पुढे तेही सोडून दिले. मी बोलत नव्हतो, पण माझ्या पोटातले दिवे मंद जळत होते. डोंगरापलीकडून भावाचा आवाज यायचा. आमचेच नाव तो सांगत असायचा. मी ऐकायचो. आणि माझ्याबरोबर पहारेकरीही ऐकायचा. त्याला कोणी सांगितले नव्हते, की तो बोलणारा आता या खोलीत नाही. तो थांबला तर जागा होणारा भलत्याच ठिकाणी उभा आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तो आपले काम चोख करीत होता. त्याचीच मला भीती वाटायची.

एके दुपारी जीप आली. खांबावरचा लाल दिवा गेला होता, तो बदलायला ताई आली होती. बरोबर जीपवाले काका होते. बाहेर ढग इतके खाली उतरले होते, की दारातून जीपसुद्धा पुसट दिसत होती.

“लवकर आटपा ताई,” काका म्हणाले, “परतीचा रस्ता दिसायचा नाही मग.”

“आटपतेच. आईंचं विमान यायचंय. घरी नसले तर म्हणतील, सुनेला माझं येणं जड झालं.”

काकांनी खांबावर चढून दिवा बदलला. कामापुरता खाली ओढलेला विजेचा मुख्य दांडा ताईने आत येऊन वर केला. बाहेर ढगात लाल डाग उमटला. माझ्यावरची धूळ ती फडक्याने पुसू लागली. तेवढ्यात डोंगरापलीकडचा भावाचा आवाज तुटला.

माळावर त्याच्या केबलमध्ये पाणी शिरले होते. हे आम्हाला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच झाले, की आमचे नाव अर्ध्यावर थांबले आणि भिंतीवर ‘टक्’ असे वाजले.

माझ्या पोटातले दिवे उजळले. छातीवरचा काटा वर चढला. मी बोलू लागलो. पण सांगायला नाव नव्हते. एकसारखी, सपाट, मुकी लहर माझ्यातून बाहेर पडत राहिली.

ताई हातातले फडके तसेच धरून उभी राहिली. “तू का रे जागा झालास?” ती हळूच म्हणाली. मग तिची नजर पहारेकऱ्यावर गेली. तो हिरवा ठिपका आता लाल झाला होता. भिंतीतून निघून माझ्यापर्यंत येणाऱ्या तारा तिने पाहिल्या. त्या कुणीच कापलेल्या नव्हत्या.

आता डोंगरापलीकडे काय चालले होते, ते सांगतो. नियंत्रकाने पुढे याच खोलीत उभे राहून ते सांगितले.

विमान पश्चिमेकडून येत होते. भावाचे नाव वैमानिकाने ऐकले होते आणि मान डोलावली होती. सुई सरळ समोर होती. विमान बीकनच्या डोक्यावरून पुढे गेले, की सुई गर्रकन उलटी फिरते. तोवर ढगातच खाली खाली यायचे आणि सुई फिरल्यावर धावपट्टी शोधायची, असा रिवाज. भाऊ मुका झाला आणि मी बोलू लागलो, तेव्हा सुई क्षणभर थरथरली आणि पुन्हा सरळ समोर स्थिरावली. कारण मीही समोरच होतो. फक्त धावपट्टीच्या पलीकडे, डोंगरावर.

टॉवरमध्ये नियंत्रकाच्या मेजावर बीकन बंद पडल्याचा दिवा लागला. त्याने वैमानिकाला सांगितले, “बीकन गेलाय. खाली येऊ नका.”

वैमानिक म्हणाला, “गेलाय कुठे? सुई अगदी स्थिर आहे. समोर दाखवतेय.”

नियंत्रक गोंधळला. त्याला वाटले, आपला दिवाच बिघडला असावा. तो मेजावर बोटाने टकटक करून पाहत होता. आणि मग विमानाचा आवाज आला. ढगांच्या आतून, टॉवरच्या डोक्यावरून तो आवाज डोंगराच्या दिशेने गेला. खूप खालून गेला. पेल्यातले पाणी हलले.

“नाव ऐकू येतंय का?” तो माईकमध्ये ओरडला. “बीकनचं नाव! ऐकून सांगा!”



“नाव...” वैमानिक म्हणाला. “नाही. नाव येत नाहीये.”

इकडे ताई माझा खटका ‘बंद’कडे ओढत होती. तो गंजला होता. हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. तळवा सोलला, पण खटका हलला नाही. तेवढ्यात बाहेरून काका ओरडले, “ताई! विमान! हे इकडे कसं काय?”

तिलाही ऐकू येऊ लागले होते. आधी माशीची गुणगुण असावी तसे, मग पत्रा थरथरू लागेल इतके. तो आवाज आमच्याकडे येत होता. मीच त्याला बोलावत होतो, मित्रांनो. माझ्यातून निघालेल्या लहरीला धरून तो येत होता, आणि मला गप्प बसता येत नव्हते.

ताईचे डोळे मुख्य दांड्याकडे गेले. तो खाली ओढला की मी विझणार होतो. पण त्याच वेळी डोंगरावरचा लाल दिवाही विझणार होता, जो तिने आत्ताच लावला होता. तो दिवा दिसून वैमानिक वळलाच तर? पण एवढ्या ढगात तो दिसणार कसा? मी तिला क्षणभर थांबलेले पाहिले. मग तिने दांड्याला लोंबकळल्यासारखे होऊन तो खाली खेचला.

माझ्या छातीवरचा काटा पडला. खोलीत अंधार झाला. बाहेरचा लाल डाग गेला. आता आवाजाशिवाय काहीच उरले नाही.

तो आवाज वाढतच गेला. ताई भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिने डोक्यावर हात घेतले. मग इंजिनांचा सूर एकाएकी बदलला, कुणी जिवाच्या आकांताने ओरडावे तसा झाला. छपराचा एक पत्रा उचकटून उडाला. त्या भगदाडातून मला करडे काहीतरी दिसले, पोट असावे तसे. ते वर चढत होते. मग नुसता ढग आला.

काका बाहेर पालथे पडले होते. उठायला त्यांना वेळ लागला. “गेलं का?” ते तिथूनच विचारत होते. “ताई, गेलं का ते?”

“वर गेलं,” ताई म्हणाली.

वैमानिकाने नंतर सांगितले, की नियंत्रकाचे “वर चढा, समोर डोंगर आहे” हे शब्द कानी पडत होते, तरी सुई समोर ठाम दाखवत होती. सुईवर विश्वास ठेवायची त्याला आयुष्यभराची सवय. तो आणखी थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला असता. तेवढ्यात सुईतला जीवच गेला आणि ती लुळी पडली. मग त्याने क्षणाचाही विचार केला नाही.

त्या दिवशी ताईने एक काम पुरे केल्याशिवाय खोली सोडली नाही. तिने पकड काढली. पहारेकऱ्याच्या तारा कापल्या. मग माझ्या कापल्या, एकेक करून, सगळ्या. सोललेल्या तळव्याचे रक्त पकडीला लागत होते. माझ्यात काही राहिले नाही याची खात्री झाल्यावर तिने मुख्य दांडा पुन्हा वर केला. बाहेर लाल दिवा लागला. मी लागलो नाही. त्यानंतर मी कधीच लागलो नाही.

काही दिवसांनी ती, नियंत्रक आणि साहेब असे तिघे चढून आले. उडालेल्या पत्र्याच्या जागी ताडपत्री फडफडत होती. साहेब पहारेकऱ्यासमोर बराच वेळ उभे होते.

“सज्ज ठेवा, असं मीच म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“मला पटलं होतं, साहेब,” ताई म्हणाली.



साहेब बाहेर गेल्यावर नियंत्रकाने विचारले, “तुला माहीत होतं ना, आई त्यातच होती?”

“माहीत होतं. दांडा ओढताना कुणीच आठवलं नाही हो मला. नंतर खाली बसले तेव्हा आठवलं.”

“आई काल म्हणत होती, तुमच्या खात्याचा कारभारच असला. उतरवायचं ते दुसऱ्याच गावी नेऊन उतरवलं, वर चहासुद्धा विचारला नाही.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, हवामान खराब होतं.” तो हसायला गेला, पण त्याला हसू आले नाही. ताईने तोंडावर पदर धरला आणि पहिल्यांदाच ती रडली.

जाण्याआधी साहेबांनी दोघांना सांगितलेले मी ऐकले. जिथे जिथे विमानतळ हलले आहेत, नाव नव्या जागी गेले आहे आणि जुने बीकन मागे राहिले आहेत, तिथे तिथे त्यांनी विचारणा केली होती, की तुमच्याकडचा पहारेकरी अजून ऐकतोय का. बऱ्याच ठिकाणांहून ‘नाही’ असे उत्तर आले. काही ठिकाणी माणसे धावत गेली आणि तारा कापून आली.

“आणि बाकीचे?” ताईने विचारले.

“एका ठिकाणाहून उत्तरच आलेलं नाही,” साहेब म्हणाले. “तिथलं ऑफिस हलवलंय. जुना बीकन कुठल्या डोंगरावर होता, ते सांगणारं कुणी सापडत नाहीये.”

मित्रांनो, मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही, आणि कुणाच्या अपायाचाही नाही. माझी विनंती तेवढी ऐका. एखादी जागा सोडून जाताना घाई करू नका. मागे काय जळत राहिले, काय ऐकत राहिले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुसऱ्याने पाहिले असेल, असे मनाशी म्हणून दार लोटू नका. आणि कुणी तुम्हाला ठामपणे वाट दाखवू लागले, तर पाऊल टाकण्याआधी त्याचे नाव विचारा.

त्या एका ठिकाणाहून उत्तर अजून आलेले नाही. ताई दिवा तपासायला येते तेव्हा काका दर वेळी तिला विचारतात, आणि ती दर वेळी नकारार्थी मान हलवते. बाहेर ढग उतरू लागले आहेत. दूर कुठेतरी एक विमान चालले आहे.